अधिकाराचा प्रश्न : पंडिता रमाबाई

मराठीत 'अधिकार' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. राज्य सरकारच्या कचेरीत उभी हयात घालविलेल्या आम्हांसारख्यांना त्याचा एकच अर्थ ठाऊक असतो : सही करण्याचा, मंजुरी देण्याचा अथवा नाकारण्याचा हक्क. शास्त्रीपंडितांच्या भाषेत मात्र अधिकार म्हणजे पात्रता. वेद ऐकण्याचा अधिकार कोणास, मंत्राचा अधिकार कोणास, मोक्षाचा अधिकार कोणास, असे तेथे विचारले जाते. पहिला अधिकार इतरांवर चालतो, दुसरा माणसाच्या स्वतःच्या ठायी असावा लागतो. आणि तो आहे की नाही हे ठरविण्याचे काम पुन्हा पहिल्या प्रकारच्या अधिकाऱ्यांकडेच येते. पंडिता रमाबाईंचे चरित्र आणि त्यांचा पत्रव्यवहार वाचताना हा शब्द आमच्या मनात सारखा घोळत राहिला.

रमाबाईंविषयी लिहिणाऱ्यांचे सामान्यतः दोन तट पडतात. एक तट त्यांच्या विद्वत्तेचा आणि विधवांसाठी केलेल्या कार्याचा गौरव करतो व धर्मांतराचे पान हलकेच उलटतो. दुसरा तट ख्रिस्ती चरित्रकारांचा. तो धर्मांतरापाशी खिळून राहतो आणि त्याआधीचे सारे आयुष्य अंधार म्हणून रंगवितो. दोन्ही तटांना रमाबाई पुरत्या गवसत नाहीत, असे आमचे मत झाले आहे. त्यांनी धर्म बदलला, पण प्रश्न तोच राहिला. देव आणि माणूस यांच्यामध्ये उभे राहण्याचा अधिकार कोणाला, आणि तो कोणी दिला, हा तो प्रश्न.

तो त्यांच्या जन्माआधीच घरात शिरला होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे मूळचे मंगळूर प्रांतातील. पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी अध्ययन करीत असताना त्यांनी पाहिले की गुरुजी दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीस संस्कृत शिकवावयास वाड्यात जातात. बायकांनाही देववाणी येऊ शकते, ही गोष्ट त्यांच्या मनात तेव्हाच बसली. पुढे त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई हिला शिकविण्यास घेतले, तेव्हा गवगवा झाला आणि उडुपीस पंडितांच्या सभेपुढे त्यांना जाब द्यावा लागला. शास्त्रीबुवांनी ग्रंथोग्रंथीची प्रमाणे काढून आपली बाजू सिद्ध केली. स्त्रियांना काव्ये, व्याकरण, पुराणे शिकविण्यास आडकाठी नाही, एवढे त्यांनी दाखविले. वेद मात्र त्यांनीही वगळले. बंडखोर म्हणून ज्यांचे नाव घ्यावे त्यांचीही एक रेघ ठरलेली होती. नंतर ते सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात, आजच्या कर्नाटकात, जाऊन राहिले. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. आईने पहाटे मांडीवर घेऊन त्यांना श्लोक शिकविले. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थयात्रा करीत हिंडले. शास्त्रीबुवांच्या मुलीला हजारो श्लोक मुखोद्गत झाले, पण वेदाचे एक अक्षर तिला कोणी शिकविले नाही.

१८७४ ते १८७६ हा दुष्काळाचा काळ. हाती होते ते द्रव्य देवस्थानांत आणि दानधर्मात गेले होते. दुसरे काही काम करून पोट भरावे ही रीत घरात नव्हती. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. आईच्या वेळी खांदा द्यायला माणसे मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण आले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या स्वतः रमाबाई. त्या ठेंगण्या असल्याने तिरडीचा आपल्या बाजूचा भार त्यांना डोक्यावर घ्यावा लागला आणि तशाच त्या काही मैल चालत गेल्या. हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे, फारसा आक्रोश न करता. त्या तरुण मुलीने त्या वाटेवर कोणत्या अधिकाराविषयी काय विचार केला असेल, हे तर्कानेच जाणायचे. आमच्या समजुतीप्रमाणे केडगावची पायाभरणी त्या वाटेवर झाली.

१८७८ साली बहीणभाऊ पायी हिंडत कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी परीक्षा घेऊन रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. याच शहरात केशवचंद्र सेन यांनी त्यांना विचारले की तुमचे वेदाध्ययन झाले आहे काय. रमाबाईंनी उत्तर दिले की स्त्रियांना तो अधिकार नाही. केशवबाबूंनी वेदाची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली. प्रसंग एवढाच. आम्हांस मात्र तो पदवीदानाच्या समारंभाहून मोठा वाटतो. ज्या विदुषीला नगराने सरस्वती म्हटले, तीच स्वतःला अनधिकारी समजत होती. कोणी तिला अडविले नव्हते. अडसर आतून लावलेला होता. पुढे स्त्रीधर्मावर व्याख्याने देण्यासाठी त्यांनी धर्मशास्त्रे चाळली, तेव्हा त्यांना आढळले की एरवी एकमेकांशी न पटणारे हे ग्रंथ स्त्री आणि शूद्र यांच्या हीनतेविषयी तेवढे एकमत आहेत.

पुढील चार वर्षे वेगाने गेली. भाऊ वारला, १८८० मध्ये बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह झाला, १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेले. त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाज, हंटर कमिशनपुढील साक्ष आणि 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक. पुण्यातच पंचहौदच्या सिस्टरांशी आणि नीळकंठशास्त्री गोरे यांच्याशी परिचय झाला. गोरे काशीत वाढलेले कोकणस्थ पंडित. १८४८ मध्ये ख्रिस्ती झालेले. त्यांच्याशी झालेल्या वादसंवादाचा रमाबाईंवर खोल परिणाम झाला. वैद्यकी शिकावी म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडास गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीचा बेत सोडावा लागला. मग त्या चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयात डोरोथिया बील यांच्याकडे शिकण्यास व संस्कृत शिकविण्यास राहिल्या.

येथपर्यंतची कथा आमच्या वाचकांना बहुधा ठाऊक असेल. त्यापुढची तीन वर्षे मराठीत पुरेशी वाचली जात नाहीत, आणि त्या वर्षांची साधने तर उत्तम उपलब्ध आहेत. वाँटेजच्या संन्यासिनी संघातील सिस्टर जेराल्डीन या रमाबाईंच्या धर्ममाता. त्यांची, बीलबाईंची, बिशपांची आणि रमाबाईंची पत्रे जेराल्डीनबाईंनी स्वतः जुळवून ठेवली आणि १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती ग्रंथरूपाने छापून आली. फायलीत दोन्ही बाजूंचे कागद शाबूत राहणे ही किती दुर्मीळ गोष्ट आहे, हे कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला विचारावे! जेराल्डीनबाई वादात उण्या पडल्या असतील, पण त्यांनी एकही प्रतिकूल पत्र फाडले नाही, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

तंटा प्रथम लहान गोष्टींवरून दिसतो. रमाबाई शाकाहारी राहिल्या, अंडे घातलेले पक्वान्न खाईनात. जेराल्डीनबाईंना यात जातीचा अभिमान दिसला. रमाबाईंनी उत्तरी लिहिले की माझा गर्व तुम्हांस पक्वान्नांत नि जोड्यांत शोधायचा असेल तर खुशाल शोधा. मी हिंदू आहे, आणि पूर्वजांच्या चालीरीती जेवढ्या पाळता येतील तेवढ्या पाळणार. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. तेथे संस्कृत का नको, असा त्यांचा सवाल होता. ती लॅटिन अक्षरे सामान्य हिंदी माणसाला जशी परकी तशीच आपल्यालाही. बाप्तिस्मा घेतलेली बाई स्वतःला हिंदू म्हणविते, हे वाचून त्या काळी वाँटेजला धक्का बसला, आणि आजही दोन्ही बाजूंच्या पुष्कळांना बसेल.

मग विषय सिद्धांतांवर आला. त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, कुमारीच्या पोटी जन्म, यांविषयी रमाबाईंच्या शंका होत्या आणि त्या त्यांनी लपविल्या नाहीत. जेराल्डीनबाईंचे म्हणणे असे की मंडळीत आल्यावर मंडळीचा शब्द मानावा. लहान मुलाने आईचे ऐकावे तसे नवख्याने ऐकावे. १८८५ च्या मे महिन्यात रमाबाईंनी त्यांना लांबलचक उत्तर दिले. सारांश असा : मला माझी स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे, भारतातील पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविले आहे, ते उतरवून तसलेच दुसरे जू मी घेणार नाही. बिशपची आज्ञा म्हणजे देवाची आज्ञा, हे त्यांना मान्य नव्हते. देवाचे म्हणणे काय ते देवाच्या पुस्तकात पाहीन आणि मग ठरवीन, ही त्यांची भूमिका. उडुपीच्या सभेत ग्रंथ उघडून बसलेल्या अनंतशास्त्र्यांची ही मुलगी! फरक इतकाच की वडिलांनी सभेचा निर्णय मागितला होता. मुलीने सभाच नाकारली.

याच सुमारास आणखी एक प्रकरण उपस्थित झाले. हिंदुस्थानात जाणाऱ्या तरुण इंग्रजांना रमाबाईंनी देशी भाषा शिकवावी, अशी एक सूचना पुढे आली. मुंबईचे आणि लाहोरचे बिशप यांनी ती हाणून पाडली. पुरुषांना शिकविणाऱ्या स्त्रीचे भारतात हसे होईल आणि तिचे वजन जाईल, असा त्यांचा युक्तिवाद. ज्या बाईने कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत शास्त्रीमंडळींच्या भरसभांत व्याख्याने दिली, तिला भारतीय लोकमत काय ते लाहोरचे बिशप समजावीत होते. रमाबाईंनी फटकारले की आपले स्वातंत्र्य आपण अशा रीतीने गमावणार नाही. बीलबाईंची दृष्टी यात पुष्कळ उदार होती. त्यांनी संघाला परोपरीने कळविले की हिच्या शंकांना बुद्धीने सामोरे गेले पाहिजे, दटावून काही साधणार नाही. मनोरमेच्या धर्मशिक्षणावरूनही खटके उडाले. मुलीला काय शिकवावे हे आईने ठरवावयाचे, येथे रमाबाई तसूभर हलल्या नाहीत. हिंदुस्थानात मात्र याच बाईला परक्यांच्या आहारी गेलेली म्हणून झोडपणे चालू होते. महात्मा फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून तिची बाजू घेतली, त्या वेळी असे करणारे ते जवळजवळ एकटेच.

१८८६ मध्ये त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेस गेल्या, तेथे पुस्तक लिहून व व्याख्याने देऊन निधी उभारला, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन काढले. धर्मशिक्षण द्यायचे नाही ही तेथील अट. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृती सल्लागारांनी राजीनामे दिले. 'केसरी'ने आधीपासूनच झोड उठविली होती. दार उघडे ठेवणे हा अटीचा भंग होय की नाही, यावर आजही वाद घालता येईल. आमच्यासारख्या नियमावलीत वाढलेल्या माणसाला सल्लागारांची अडचण समजते. पण खोलीचे दार लावून घ्या असे सांगण्याचा अधिकार त्यांना होता काय, हेही विचारले पाहिजे.

याच काळात रमाबाईंच्या स्वतःच्या श्रद्धेत पालट झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा अर्थाचे त्यांनी १९०७ च्या आत्मकथनात लिहिले आहे. कारण झाले विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याच्या आत्मवृत्ताचे. हे गृहस्थ अनेक वर्षे पाद्री असून एके दिवशी स्वतःचेच प्रवचन ऐकून त्यांचे परिवर्तन झाले. म्हणजे बिशपांची दीक्षा मिळालेला अधिकारी पुरुषसुद्धा आत रिकामा असू शकतो. जे रमाबाई वाँटेजला बुद्धीने म्हणत होत्या, त्याचा अनुभवाचा पुरावा त्यांना येथे सापडला. यानंतर सिद्धांतांविषयीच्या शंका त्यांच्या लेखनातून जवळजवळ नाहीशा होतात. हे वळण आधुनिक वाचकाला रुचत नाही. चिकित्सक रमाबाई त्याला अधिक आवडते. आम्हांला यात तुटकपणा दिसत नाही. मध्यस्थ नको म्हणणाऱ्याला कधीतरी थेट भेटीवर विसंबावेच लागते.

१८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या घरात मुली व बायका घेऊन आल्या. सरकारी अन्नगृहांतून तरुण मुलींचे काय होते ते त्यांनी पाहिले होते; आणि स्वतःचे वीस वर्षांपूर्वीचे हाल त्या विसरल्या नव्हत्या. पुण्यात प्लेग आला, शहरात एवढी माणसे ठेवण्यास सरकारी मनाई झाली, तेव्हा दौंडजवळ केडगावला फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर तंबू आणि झोपड्या ठोकून ही मंडळी राहिली. प्लेगच्या इस्पितळातील कारभाराविषयी १८९७ मध्ये त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये तक्रार लिहिली, ती पार्लमेंटपर्यंत गाजली. मिशनच्या वरिष्ठांप्रमाणे लाटसाहेबांचाही मुलाहिजा त्यांनी ठेवला नाही. १९०० मध्ये गुजरातेतल्या दुष्काळातून शेकडो मुली आल्या. 'मुक्ती'ची वस्ती दीड-दोन हजारांच्या दरम्यान गेली.

एवढ्या माणसांना रोज दोन वेळा जेवू घालायचे, आणि संस्था कोणत्याही एका पंथाच्या मिशनची नाही, की जिच्याकडून ठराविक अनुदान यावे. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते. कोणापाशी न मागता, प्रार्थनेवर विसंबून त्यांनी हजारो अनाथ पोसले. केडगावात त्यांनी तोच मार्ग धरला. त्यांचा परमेश्वर गाभाऱ्यात किंवा वेदीवर राहत नाही. तो धान्याच्या कोठीत, विहिरीच्या तळाशी आणि टपालाच्या थैलीत भेटतो. अवर्षणाच्या दिवसांत दोन विहिरी रोज संध्याकाळी उपसून जात आणि सकाळी पुन्हा पुरेसे पाणी दिसे, याचे त्यांना जेवढे अप्रूप तेवढे एखाद्या दृष्टान्ताचेही नसावे. तेलघाणा, हातमाग, गोठा, बागायत, छापखाना, अंधांसाठी शाळा, सारे बायकांच्या हाती. प्रार्थना मंदिरात जमिनीवर बसून होई. कामाची वेळ आणि उपासनेची वेळ यांत त्या फार अंतर मानीत नसत. एका काळी ज्यांच्या घरात काम करणे हलके मानले जाई आणि त्यापायी तीन माणसे भुकेने गेली, त्या घरातली ही बाई होती, हे येथे लक्षात ठेवावे.

१९०५ च्या जूनमध्ये मुक्तीत मोठे धर्मजागरण झाले. मुली रात्र रात्र मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, अंगात आग पेटल्याचे सांगू लागल्या. काही मिशनऱ्यांना हा प्रकार असभ्य वाटला. रमाबाईंनी आवरले नाही. भारतीय बायकांना आपल्या रीतीने देवाशी बोलू द्यावे, पाश्चात्त्य शिस्तीचा साचा त्यांच्यावर बसवू नये, असा त्यांचा पवित्रा. आम्ही वृत्तीने थंड माणसे, असल्या आवेगापासून दूर राहणारे. तरी या पवित्र्यात वाँटेजचा जुना सवाल ओळखू येतो.

आता एक अवघड गोष्ट. केडगावात अधिकार कोणाचा होता? निर्विवादपणे रमाबाईंचा. भुकेने पडलेली, गणगोत नसलेली दहा वर्षांची मुलगी उपासनेला बसणार नाही असे म्हणू शकत होती काय? मुक्ती ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती, शारदासदनासारखी तटस्थतेची अट तेथे नव्हती. पण ती जाहीर भूमिका देणगीदारांना ठाऊक, रेल्वेच्या डब्यातून उतरलेल्या मुलीला नव्हे. मनोरमेच्या धर्मशिक्षणात दुसऱ्या कोणी हात घालू नये म्हणून भांडलेल्या आईला हा प्रश्न सुचलाच नसेल असे वाटत नाही. त्या मुलींना दुसरा आसरा नव्हता, बाजारात उभे करणारे दलाल मात्र होते, हे त्यावरचे उत्तर खरे आहे आणि पुरेसे नाही. ज्यांनी त्या वर्षी एकही मुलगी घरी आणली नाही त्यांनी हा आक्षेप घ्यावा, हे मात्र शोभत नाही.

रमाबाईंनी स्वतः यावर काही उपाय योजला असेल तर तो त्यांच्या शेवटच्या कामात शोधावा लागतो. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी बायबलाचे नवे मराठी भाषांतर हाती घेतले. प्रचलित मराठी बायबल त्यांना संस्कृतप्रचुर वाटे. खेड्यातल्या, नुकतीच अक्षरे लावू लागलेल्या बाईला ते दुसऱ्या कोणीतरी समजावून सांगावे लागे. म्हणजे पुन्हा मध्ये कोणीतरी आलाच! संस्कृतावर ज्यांचा असा हात की कलकत्त्याचे पंडित चकित झाले, त्या बाईने ठरवून संस्कृत शब्द गाळीत साधी भाषा घडविली. त्यासाठी त्या चाळिशी उलटल्यावर हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, कारण मूळ काय आहे ते इंग्रजीवरून घेणे त्यांना मान्य नव्हते. एकट्या व्यक्तीने, तेही स्त्रीने, मुळावरून संपूर्ण बायबल भाषांतरित केल्याची उदाहरणे जगात विरळा. भाषांतर शब्दाला शब्द ठेवण्याच्या आग्रहाने काही ठिकाणी खडबडीत झाले आहे, आणि मंडळ्यांतून त्याचा फारसा प्रसारही झाला नाही. जुनेच चालू राहिले.

मधल्या काळात १९१२ साली निजामाच्या राज्यात गुलबर्ग्यास शाळा निघाली, तिचे काम मनोरमाबाईंकडे होते. २४ जुलै १९२१ रोजी त्या वारल्या. रमाबाई मुद्रिते तपासीत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. केडगावच्या छापखान्यात त्याचे खिळे जुळविले, फर्मे छापले, पाने दुमडली ती सगळी मुक्तीतील बायकांनी. त्यांच्यापैकी मध्य प्रांतातून आणि गुजरातेतून दुष्काळात आलेल्यांना मराठी प्रथम येथेच शिकावी लागली होती.